पेटी, घड्याळ आणि गुरुत्वाकर्षण : न केलेल्या प्रयोगांचा इतिहास

आज आपण प्रयोगांचा इतिहास बघणार आहोत. त्यातले बहुतेक प्रयोग मात्र कुणी कधी केलेलेच नाहीत, आणि काही तर कधीच करता येणार नाहीत. तरीही विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राची दिशा त्यांनी ठरवली. त्यांना विचारप्रयोग म्हणतात.

विचारप्रयोग ही काही आइनस्टाइन यांनी सुरू केलेली पद्धत नाही. जड दगड हलक्या दगडापेक्षा लवकर पडतो असं मानलं, तर दोन्ही एकत्र बांधल्यावर काय होईल, हा प्रश्न गॅलिलिओने विचारला होता. हलका दगड जड दगडाला मागे ओढेल म्हणून गाठोडं सावकाश पडेल. पण गाठोडं तर दोघांपेक्षा जड, म्हणून ते आणखी लवकर पडेल. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, म्हणजे मूळ गृहीतकच चुकलं. एकही दगड न टाकता निकाल लागला.

या खेळाचा एक नियम आहे आणि तो आज शेवटपर्यंत लक्षात ठेवायचा. विचारप्रयोगातलं यंत्र कितीही मोठं, कितीही महाग, कितीही नाजूक असलं तरी चालतं. निसर्गाचा नियम मोडणारं यंत्र मात्र चालत नाही. आज आपण जी भांडणं बघणार आहोत, त्यांतली बरीचशी याच नियमावर मिटली.

आता भांडण कुणाचं, ते बघू. एका बाजूला सापेक्षता. १९०५ सालच्या विशिष्ट सापेक्षतेने सांगितलं की सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने कुठलाही संदेश जाऊ शकत नाही. ही काही रस्त्यावरच्या पाटीसारखी वेगमर्यादा नाही. दूरदूर घडलेल्या दोन घटनांपैकी आधी कोणती आणि नंतर कोणती, हे वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांना वेगवेगळं दिसू शकतं. प्रकाशापेक्षा वेगवान संदेश शक्य असते, तर ते वापरून प्रश्न विचारण्याआधीच उत्तर मिळण्याची सोय करता आली असती. कारण आणि परिणाम यांचा क्रमच मोडला असता. पुढे १९१५ मध्ये सामान्य सापेक्षता आली आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, असं चित्र तयार झालं.

दुसऱ्या बाजूला क्वांटम सिद्धान्त, १९२५-२६ मध्ये आकाराला आलेला. त्यात कणाबरोबर एक तरंग येतो. कण कुठे सापडेल याची शक्यता तरंग सांगतो, आणि मोजमाप केलं की अनेक शक्यतांमधून एकच उरते. प्रश्न असा की, ही 'एकच उरण्याची' घटना सगळीकडे एका क्षणात घडते का? आणि घडत असेल, तर सापेक्षतेचं काय?

ब्रसेल्स, १९२७

हा प्रश्न जाहीरपणे पहिल्यांदा विचारला तो आइनस्टाइन यांनीच, ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रसेल्सच्या पाचव्या सोल्वे परिषदेत. त्या परिषदेचा समूहफोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. आइनस्टाइन, मारी क्युरी, बोर, हायझेनबर्ग, श्रोडिंगर सगळे एका चौकटीत. तिथे आइनस्टाइन यांनी मांडलेला प्रयोग अगदी साधा होता. एका पडद्याला बारीक छिद्र आहे. त्यातून एक इलेक्ट्रॉन जातो. पलीकडे अर्धगोलाच्या आकाराची फोटोग्राफिक फिल्म आहे. छिद्रातून बाहेर पडलेला तरंग सगळ्या दिशांना सारखा पसरतो आणि सगळ्या फिल्मवर एकाच वेळी पोहोचतो. पण ठिपका उमटतो एकाच जागी.

आता बघा. ठिपका डाव्या टोकाला उमटला, त्याच क्षणी उजव्या टोकाला तो उमटण्याची शक्यता शून्य झाली. उजव्या टोकाला हे कळलं कसं? तरंग हेच इलेक्ट्रॉनचं पूर्ण वर्णन असेल, तर दोन टोकांमध्ये काहीतरी तत्क्षणी घडलं पाहिजे, आणि ते सापेक्षतेला धरून नाही. मग तरंग हे अपुरं वर्णन असलं पाहिजे, असं आइनस्टाइन यांचं म्हणणं. या आक्षेपाला तेव्हा कुणी नेमकं उत्तर दिलं नाही. परिषदेची चर्चा अनिश्चिततेच्या तत्त्वाकडे वळली. इतिहासात असं अनेकदा होतं, खरा प्रश्न बाजूला राहतो आणि भांडण दुसऱ्याच मुद्द्यावर रंगतं.

पेटी आणि घड्याळ, १९३०

तीन वर्षांनी, १९३० च्या सहाव्या सोल्वे परिषदेत ते भांडण चांगलंच रंगलं. परिषदेचा विषय होता चुंबकत्व. पण लक्षात राहिली ती जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळी झालेली चर्चा.

आइनस्टाइन म्हणाले, एक पेटी घ्या, आत प्रकाश कोंडलेला. पेटीला एक झडप आहे आणि ती आतल्या घड्याळावर चालते. ठरलेल्या वेळी झडप क्षणभर उघडते आणि एक फोटॉन बाहेर जातो. तो कधी गेला, हे घड्याळामुळे हवं तितकं अचूक कळतं. आता फोटॉन जाण्याआधी आणि गेल्यानंतर पेटीचं वजन करा. वजनातला फरक म्हणजे फोटॉनने नेलेलं वस्तुमान, आणि वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणलं की ऊर्जा. म्हणजे वेळही अचूक आणि ऊर्जाही अचूक. अनिश्चिततेचं तत्त्व सांगतं की हे दोन्ही एकदम हवं तितकं अचूक मिळू शकत नाही. तत्त्व मोडलं!

यातली खुबी लक्षात घ्या. क्वांटम सिद्धान्ताला खाली पाडायला आइनस्टाइन यांनी स्वतःच्या सापेक्षतेतलं हत्यार काढलं होतं. बोर यांचे सहकारी लेऑन रोझेनफेल्ड यांनी त्या संध्याकाळची आठवण लिहून ठेवली आहे. बोर यांना उत्तर सुचेना. हे खरं असणं शक्य नाही, हे खरं असेल तर भौतिकशास्त्र संपलं, असं ते एकेकाला गाठून पटवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर यांच्याकडे उत्तर होतं. त्यांनी एकच गोष्ट केली. 'पेटीचं वजन करा' हे शब्द त्यांनी गांभीर्याने घेतले. वजन करायचं म्हणजे पेटी स्प्रिंगला टांगायला हवी. तिला एक काटा, शेजारी मोजपट्टी. काट्याची जागा जितकी बारकाईने वाचाल, तितका पेटीला अनियंत्रित धक्का बसणार. हे क्वांटम सिद्धान्ताचंच म्हणणं. हा धक्का वजनातल्या बारीक फरकाला झाकून टाकू नये, म्हणून वजन बराच वेळ करत राहायला हवं. उलट काट्याची जागा ढोबळ ठेवली, तर पेटी नेमकी किती उंचीवर आहे हे अनिश्चित राहणार.

राहू दे ना, उंचीने काय बिघडतं? इथेच बोर यांनी डाव उलटवला. घड्याळ पेटीच्या आत आहे. आइनस्टाइन यांनीच दाखवलं होतं की गुरुत्वाकर्षणात घड्याळाची गती उंचीवर अवलंबून असते. पृथ्वीवर एक मीटर उंचीने पडणारा फरक अगदी नगण्य, एकावर सोळा शून्यं एवढ्या भागांत साधारण एक भाग. पण शून्य नाही. उंची अनिश्चित, म्हणून घड्याळाची गती अनिश्चित, आणि वजन जितका जास्त वेळ चालेल तितकी ही चूक साठत जाणार. या दोन अनिश्चितता एकत्र मांडल्या की गुरुत्वाकर्षणाची तीव्रता आणि वजनाचा कालावधी दोन्ही समीकरणातून गळून जातात आणि उरतो फक्त प्लांकचा स्थिरांक. नेमकं अनिश्चिततेचं तत्त्व!

ही गोष्ट नेहमी 'बोर जिंकले' इथे संपवली जाते. पण ती तिथे संपत नाही. जुलै १९३१ मध्ये पॉल एहरेनफेस्ट यांनी बोर यांना एक पत्र लिहिलं. त्यात ते सांगतात की अनिश्चिततेच्या तत्त्वाबद्दल आइनस्टाइन यांना आता शंका नाही, आणि ती पेटी त्यांना वेगळ्याच कारणासाठी हवी आहे. फोटॉन निघून गेला, खूप लांब पोहोचला. आता आपण पेटीपाशी बसून ठरवू शकतो की घड्याळ वाचायचं की पेटीचं वजन करायचं. घड्याळ वाचलं तर फोटॉन परत केव्हा येईल हे सांगता येतं, वजन केलं तर त्याची ऊर्जा सांगता येते. पण फोटॉन तर आपल्या हातातून केव्हाच सुटला आहे. आपण इथे काय निवडलं, याचा तिथे असलेल्या फोटॉनवर परिणाम कसा होईल? म्हणजे १९२७ चाच प्रश्न, नव्या वेषात. चार वर्षांनी, मे १९३५ मध्ये, आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या प्रसिद्ध लेखात तोच प्रश्न दोन कणांच्या जोडीवर मांडला गेला.

बोर यांनाही ही पेटी सोडत नव्हती. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या अभ्यासिकेतल्या फळ्यावर त्यांनी काढलेल्या आकृतींमध्ये ही पेटी होती.

मोजायचं तरी कसं? ब्रॉनस्टाइन यांचा धडा

आता आपण जरा कमी माहीत असलेल्या वाटेने जाऊ. १९३१ मध्ये लेव लांदाऊ आणि रुडॉल्फ पाइअर्ल्स या तरुणांनी दावा केला की क्वांटम आणि सापेक्षता एकत्र आणली की विद्युतक्षेत्राची एका बिंदूवरची किंमत मोजणंच अशक्य होतं. मोजण्यासाठी ठेवलेला विद्युतभार हलतो, हलला की प्रारणं सोडतो, आणि ती प्रारणं मोजमाप बिघडवतात. तेव्हा लांदाऊ तेवीस वर्षांचे होते. बोर आणि लांदाऊ यांच्यातल्या वादावर गॅमोव्ह यांनी एक व्यंगचित्र काढलं. त्यात लांदाऊ खुर्चीला बांधलेले, तोंडात बोळा, आणि समोर बोर बोलतायत.

बोर आणि रोझेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये एका लांबलचक लेखात उत्तर दिलं. बिंदूवर मोजू नका, छोट्या प्रदेशावर सरासरी मोजा. त्यासाठी लागणारी परीक्षण-वस्तू आपल्याला हवी तशी घेता येते. भरपूर वस्तुमान घ्या म्हणजे ती हलणार नाही, भार स्वतंत्रपणे ठरवा. विद्युतक्षेत्राचा प्रश्न सुटला.

मग मात्वेई ब्रॉनस्टाइन यांनी विचारलं, हेच गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रासाठी चालेल का? लेनिनग्राडचे हे भौतिकशास्त्रज्ञ. १९३६ च्या लेखात त्यांनी दाखवलं की चालणार नाही. कारण विजेत भार वेगळा आणि वस्तुमान वेगळं, पण गुरुत्वाकर्षणात वस्तुमान हाच 'भार'. परीक्षण-वस्तू हलू नये म्हणून तिचं वस्तुमान वाढवत गेलात, तर एक वेळ अशी येईल की ती तिच्या स्वतःच्याच गुरुत्वीय त्रिज्येत जाईल. आजच्या भाषेत सांगायचं तर मोजायला ठेवलेली वस्तूच कृष्णविवर होईल आणि मोजमाप आत गडप होईल.

म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम एकत्र आले की मोजमापाला कायमची मर्यादा येते. आज ती आपण प्लांक लांबीशी जोडतो. ही लांबी सुमारे १.६ मीटर भागिले एकावर पस्तीस शून्यं. ब्रॉनस्टाइन यांचा निष्कर्ष फार धीट होता. अवकाश आणि काळ या आपल्या नेहमीच्या कल्पनाच कदाचित सोडून द्याव्या लागतील, असं त्यांनी लिहिलं. त्या वेळी हे कळणारे लोक जगात मूठभर होते.

पुढचं सांगायला जड जातं, पण इतिहास सांगताना ते गाळून चालणार नाही. ऑगस्ट १९३७ मध्ये स्टालिनच्या दहशतीच्या काळात ब्रॉनस्टाइन यांना अटक झाली. १८ फेब्रुवारी १९३८ रोजी त्यांना गोळ्या घातल्या. वय एकतीस. त्यांच्या पत्नी, लेखिका लिदिया चुकोव्स्काया यांना सांगण्यात आलं की दहा वर्षांची शिक्षा झाली आहे आणि पत्रव्यवहाराची परवानगी नाही. हा माणूस मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकंही लिहायचा. क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा पाया घालणाऱ्या पहिल्या माणसाला तो विचार पुढे नेण्यासाठी दोन वर्षंही मिळाली नाहीत. त्यांनी मांडलेल्या मर्यादेकडे इतरांचं लक्ष जायला पुढे काही दशकं गेली.

एक चुकीचा लेख आणि त्याचा उपयोग

आता १९३५ च्या जोडीकडे परत येऊ. एकाच ठिकाणी तयार झालेले दोन कण इतके गुंतलेले असतात की एकाचं मोजमाप केलं की दुसऱ्याबद्दल लगेच सांगता येतं, मग तो कितीही लांब असो. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी दाखवलं की हे साधं 'आधीच ठरलेलं उत्तर' मानून भागत नाही. दोन्हींत प्रयोगाने ओळखता येईल असा फरक आहे. मग खरोखरचे प्रयोग झाले. २०१५ मधल्या प्रयोगांत मोठ्या पळवाटाही बुजवल्या गेल्या, आणि २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना मिळालं. निकाल क्वांटमच्या बाजूने.

मग प्रश्न येतोच, या जोडीचा वापर करून प्रकाशापेक्षा वेगवान तार पाठवता येईल का? कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी एक युक्ती सुचवली आणि तिला 'फ्लॅश' असं नाव दिलं. शास्त्रीय लेखांत अशा गोष्टींतली पात्रं ॲलिस आणि बॉब असतात. आपण अ आणि ब वरून अलका आणि बाळू म्हणू.

अलका आणि बाळू यांच्याकडे गुंतलेल्या जोडीतला एकेक फोटॉन आहे. अलका तिच्या फोटॉनचं ध्रुवीकरण दोन पद्धतींनी मोजू शकते, सरळ किंवा वर्तुळाकार. तिने सरळ मोजलं तर बाळूचा फोटॉन सरळ ध्रुवीकरणाचा होतो, वर्तुळाकार मोजलं तर वर्तुळाकार. तिची निवड हाच संदेश. पण बाळूकडे एकच फोटॉन, आणि एका फोटॉनवरून तो कोणत्या जातीचा हे ओळखता येत नाही. हर्बर्ट म्हणाले, बाळूने तो फोटॉन लेझरच्या नळीतून न्यावा. लेझर त्याच्या पुष्कळ प्रती काढेल. निम्म्या प्रती सरळ तपासा, निम्म्या वर्तुळाकार. ज्या गटात सगळ्या प्रतींचं उत्तर एकच येईल, ती अलकाची निवड. संदेश पोहोचला, तोही तत्क्षणी!

यात चूक कुठे आहे? क्षणभर थांबून विचार करून बघा. गुंतलेली जोडी खरी आहे, लेझर खरा आहे, मोजमाप खरं आहे.

चूक आहे 'प्रती' या शब्दात. क्वांटम सिद्धान्त रेषीय आहे. समजा एक यंत्र आडव्या फोटॉनपासून दोन आडवे करतं आणि उभ्यापासून दोन उभे. मग आडवा-अधिक-उभा असा मिश्र फोटॉन आत टाकला, तर रेषीयतेमुळे बाहेर 'दोन आडवे अधिक दोन उभे' हीच स्थिती यायला हवी. पण मिश्र फोटॉनच्या दोन प्रती म्हणजे ती स्थिती नव्हे. त्यात 'एक आडवा एक उभा' असेही भाग असतात. म्हणजे अनोळखी क्वांटम स्थितीची तंतोतंत प्रत काढणारं यंत्र असूच शकत नाही. प्रत्यक्षातला लेझर आपल्या मर्जीचे काही फोटॉन मिसळतोच, आणि तेवढ्याने संदेश पुसला जातो.

हे १९८२ मध्ये विल्यम वूटर्स आणि वोयचेक झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डेनिस डीक्स यांनी प्रसिद्ध केलं. हर्बर्ट यांचा लेखही त्याच वर्षी आला. त्यामागची गोष्ट मजेची आहे. लेख तपासायला गेलेल्यांपैकी जानकार्लो गिरार्दी यांनी १९८१ मध्ये जवळजवळ हाच युक्तिवाद देऊन लेख नाकारा असं कळवलं. दुसरे परीक्षक अ‍ॅशर पेरेस. लेख चुकीचा आहे हे त्यांनाही माहीत होतं, पण छापा, असं त्यांनी सांगितलं. चूक शोधताना काहीतरी मोलाचं सापडेल असं त्यांना वाटलं, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. आणि तसंच झालं.

प्रत काढता येत नाही, ही अडचण की सोय? चार्ल्स बेनेट आणि जील ब्रासार यांनी ती सोय केली. क्वांटम स्थितीची चोरून प्रत काढता येत नसेल, तर तिच्यावर गुप्त किल्ली पाठवता येईल. हेरगिरी झाली तर खुणा राहणारच. हा क्वांटम सांकेतिक लेखनाचा पहिला प्रसिद्ध आराखडा त्यांनी डिसेंबर १९८४ मध्ये मांडला, आणि तो मांडला आपल्याकडे, बंगळूरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत. वेगवान तारेचं फसलेलं स्वप्न दोन वर्षांत एका उपयोगी तंत्राच्या मुळाशी आलं होतं.

फाइनमन यांचा गोळा

आता शेवटचा आणि अजून न सुटलेला भाग. गुरुत्वाकर्षण स्वतः क्वांटम आहे का?

जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथे एक परिषद झाली. तिथे रिचर्ड फाइनमन यांनी विचारलं, समजा एका कणाच्या मोजमापानुसार एक गोळा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवला. कण दोन्ही शक्यतांच्या मिश्रणात असेल, तर गोळाही मिश्रणात जातो. गोळा एवढा मोठा घ्या की त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवेल. मग ते गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूला ओढेल? डावीकडे, उजवीकडे, की सरासरी मधोमध? क्वांटम सिद्धान्त सगळीकडे खरा असेल तर गुरुत्वाकर्षणही मिश्रणात जायला हवं, म्हणजे तेही क्वांटम असायला हवं, असा त्यांचा रोख होता.

१९७७ मध्ये केनेथ एप्ली आणि एरिक हॅना यांनी उलट बाजूने घेराव घातला. गुरुत्वाकर्षण क्वांटम नाही असं माना. अशी एक गुरुत्वीय लहर कणावर सोडा. तिच्यामुळे कणाच्या तरंगाचं मोजमाप झालं, तर अनिश्चिततेचं तत्त्व तरी मोडतं किंवा संवेगाची अक्षय्यता तरी. मोजमाप न होता नुसतंच निरीक्षण झालं, तर गुंतलेल्या जोडीतून प्रकाशापेक्षा वेगवान संदेश पाठवता येतो. वाट कोणतीही घ्या, काहीतरी मोडतंच. युक्तिवाद बिनतोड वाटला. पण २००६ मध्ये जेम्स मॅटिंगली यांनी सुरुवातीचा नियम लावला. त्या प्रयोगाला लागणारा शोधक इतका जड असावा लागतो की तो स्वतःच कृष्णविवरात जाईल. नियम मोडणारं यंत्र चालत नाही. ब्रॉनस्टाइन यांचाच धडा, सत्तर वर्षांनी.

मध्ये १९८१ मध्ये डॉन पेज आणि सी. डी. गील्कर यांनी एक खराखुरा प्रयोग केला. किरणोत्सर्गाच्या यादृच्छिक निकालावरून शिशाचे गोळे कुठे ठेवायचे ते ठरवलं आणि पिळाच्या तराजूने त्यांचं आकर्षण मोजलं. गुरुत्वाकर्षण गोळे प्रत्यक्ष होते तिकडेच ओढत होतं, सरासरीकडे नाही. म्हणजे सर्वांत साधा 'सरासरी' पर्याय बाद झाला. पण गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे, हे यातून सिद्ध होत नाही.

अलका, बाळू आणि एक जड वस्तू

आणि आता २०१८ मधला विचारप्रयोग. अ‍ॅलेसिओ बेलेंकिया, रॉबर्ट वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोडवून दाखवला. आज ऐकलेलं जवळजवळ सगळं त्यात एकत्र येतं.

अलकाकडे एक जड वस्तू आहे, 'इथे' आणि 'तिथे' अशा मिश्रणात. बाळू खूप दूर आहे, आणि त्याच्याकडे एक सैल सोडलेला कण आहे. अलकाची वस्तू इथे असेल तर बाळूच्या कणावरचं गुरुत्वाकर्षण थोडं वेगळं, तिथे असेल तर थोडं वेगळं. बाळूने कण कुठे सरकला ते बघितलं, तर त्याला वस्तू कुठे होती ते कळतं. पण कळलं, की अलकाचं मिश्रण मोडलं पाहिजे. हा क्वांटमचा नियम. आता अलकाने त्याच सुमारास आपली वस्तू घाईने पुन्हा एकत्र आणली आणि मिश्रण शाबूत आहे का ते तपासलं. दोघांनी आपापली कामं इतक्या थोड्या वेळात उरकली की प्रकाशही एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचला नाही.

कोंडी बघा. बाळूने बघितल्याने अलकाचं मिश्रण मोडलं, तर बाळूने प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवला, म्हणजे सापेक्षता गेली. मोडलं नाही, तर माहितीही मिळाली आणि मिश्रणही टिकलं, म्हणजे क्वांटम गेला.

सुटका दोन गोष्टींमधून होते. पहिली, बाळूचा कण प्लांक लांबीपेक्षा जास्त सरकला तरच बाळूला काही कळतं. त्यापेक्षा कमी सरकणं अवकाश-काळाच्या स्वतःच्या क्वांटम थरथरीत बुडून जातं. म्हणून थोड्या वेळात बाळूला कळायचं असेल, तर अलकाच्या वस्तूमधला फरक पुरेसा मोठा हवा. दुसरी, अलकाने एवढी मोठी वस्तू एवढ्या घाईने हलवली, तर ती गुरुत्वीय लहरी सोडते, आणि त्या लहरी क्वांटम असतील तर निदान एक ग्रॅव्हिटॉन बाहेर पडतोच. तो वस्तू कुठे होती याची खबर घेऊन जातो. म्हणजे मिश्रण बाळूमुळे मोडलंच नाही, अलकाच्या घाईनेच मोडलं. गणित मांडलं की दोन्ही अटी अचूक जुळतात. बाळूला कळण्याइतका फरक असेल, तर अलकाकडून ग्रॅव्हिटॉन सुटतोच. सापेक्षताही वाचली आणि क्वांटमही.

पण किंमत बघा. हा तह टिकायला गुरुत्वाकर्षणाला क्वांटम थरथर हवी आणि ग्रॅव्हिटॉनही हवा. दोन्हींपैकी एकही आजवर कुणी पाहिलेलं नाही. १९३० मध्ये बोर यांना क्वांटम वाचवायला गुरुत्वाकर्षण लागलं होतं. इथे सापेक्षता आणि क्वांटम दोघांनाही वाचवायला क्वांटम गुरुत्वाकर्षण लागतं.

आता या भांडणाची धाव कागदाबाहेर चालली आहे. २०१७ मध्ये सुगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, तसंच स्वतंत्रपणे किआरा मार्लेट्टो आणि व्लात्को वेद्राल यांनी एक प्रयोग सुचवला. दोन अतिसूक्ष्म वस्तू प्रत्येकी मिश्रणात ठेवायच्या आणि फक्त गुरुत्वाकर्षणामुळे त्या एकमेकींत गुंततात का ते बघायचं. गुंतल्या, तर गुरुत्वाकर्षण नुसतं जुन्या पद्धतीचं असू शकत नाही. हा फाइनमन यांचा गोळाच, फक्त फार लहान. प्रयोग अजून झालेला नाही. एवढी जड वस्तू मिश्रणात टिकवणं फारच अवघड आहे. पण निसर्गाचा कुठलाही नियम त्याच्या आड येत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

श्रोता : हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होते आहे. तिथे ग्रॅव्हिटॉन दिसेल का?

उत्तर : गुरुत्वीय लहरी दिसतील, एकटा ग्रॅव्हिटॉन नाही. एका लहरीत ग्रॅव्हिटॉनची संख्या प्रचंड असते, समुद्राच्या लाटेत पाण्याचे रेणू असतात तशी. फ्रीमन डायसन यांनी हाच प्रश्न विचारप्रयोग म्हणून घेतला होता. लायगोसारख्या यंत्राने एकेक ग्रॅव्हिटॉन टिपायचा, तर आरसे इतके जड करावे लागतील की ते एकमेकांना ओढून कृष्णविवर होतील. आपला नियम पुन्हा आलाच.

श्रोती : बोर आणि आइनस्टाइन यांच्यात शेवटी बरोबर कोण होतं?

उत्तर : पेटीच्या वादात उत्तर बोर यांचं टिकलं. पण पेटीमागचा प्रश्न आइनस्टाइन यांचा होता. इथे काय निवडलं याचा तिथल्या कणाशी संबंध काय, या प्रश्नातून बेल आले, प्रतबंदीचा नियम आला, बंगळूरला मांडलेली ती गुप्त किल्ली आली. संदेश प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही, पण संबंध मात्र आहे, एवढं आज आपण ठामपणे म्हणू शकतो. तो संबंध म्हणजे नेमकं काय, यावर आजही सगळ्यांचं एकमत नाही. आणि पुढच्या व्याख्यानात आपण तिथूनच, बेल यांच्या १९६४ च्या लेखापासून, सुरुवात करणार आहोत.